मल्चिंगचे तुकडे ओढ्यात, औषधाला न जुमानणारे जंतू गावोगावी

मल्चिंग पेपर, खताच्या गोण्या, कॅरीबॅग कुजत नाहीत, उन्हाने नुसत्या फुटत जातात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पावसात हे तुकडे ओढ्यात जातात आणि त्यांच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. गटार, गोठा, पोल्ट्रीच्या सांडपाण्यातून अँटिबायोटिकचे अंशही तिथेच येतात. औषधाला न जुमानणारे जंतू तगतात आणि दाटीत तो गुण शेजारच्या जंतूंनाही देतात. तुकडा वाहत पुढच्या गावी गेला की जंतूही पोचले. मग साध्या जखमेलाही औषध लागू पडेनासं होतं. माणसासाठी शेवटचा उपाय असलेलं कोलिस्टिन निकामी होऊ नये म्हणून केंद्राने 2019 मध्ये ते कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं.

म्हणून जुनं मल्चिंग बांधावर टाकू नका, भंगारात द्या. जनावराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक नको.