लाल दिव्यासमोरची पाच मिनिटं

टाळेबंदीत घरोघरी एक गोष्ट झाली, तिच्याविषयी फारसं कुणी बोललं नाही. घरात सगळे होते, चोवीस तास होते, आणि बाईला मात्र स्वतःचा असा कोपरा उरला नाही. नवरा घरी, मुलं घरी, सासूबाईंचा चहा ठरलेला. रडायचं म्हटलं तरी न्हाणीघरात नळ सोडून रडावं लागायचं. त्यात मार्च २०२०च्या अखेरीस इस्लामपूरच्या रुग्णांच्या बातम्या आल्या आणि सांगली-साताऱ्यात भीतीच बसली.

आपल्याकडच्या कॅथलिक मैत्रिणींची अडचण आणखी वेगळी. वसई-गोव्यासारखी इथे गावंच्या गावं ख्रिस्ती नाहीत. थोडी कुटुंबं, एखादं लहान चर्च, नाहीतर सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधलं चॅपल, म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर. पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट तर १८९५पासूनचं. अशा ठिकाणी रविवारची मिस्सा म्हणजे देवाची भेट आणि माणसांचीही. तीच बंद झाली. मोबाइलवर मिस्सा दिसायची, पण घरात स्मार्टफोन एक आणि त्याला मागण्या दहा!

हे दुःख आपल्याला समजायला अवघड नाही. त्याच वर्षी माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लोणंद-फलटणच्या बायकांनी पालखीची वाट कुणासाठी झाडायची?

मिस्सा म्हटलं की गाणी, वाचन, प्रवचन, सगळं सगळ्यांबरोबर. पण कॅथलिकांमध्ये दुसरीही एक जुनी रीत आहे, गप्प बसण्याची. वेदीजवळ एक छोटी कुलपाची पेटी असते. मिस्सेत अर्पण केलेली पवित्र भाकर तिच्यात ठेवतात. त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः आहे अशी श्रद्धा, म्हणून जवळ अखंड दिवा तेवतो, बहुधा लाल काचेतला. आपल्या नंदादीपासारखाच म्हणा ना! त्याच्यासमोर जाऊन नुसतं बसायचं. पुस्तक नको, धर्मगुरू नको, मागणंसुद्धा नको. हातात जपमाळ असली तर असली.

२७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी हेच केलं. रोममध्ये पाऊस पडत होता, सेंट पीटर्सचं प्रचंड पटांगण रिकामं होतं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले असतील. १५२२च्या प्लेगात रोमच्या लोकांनी मिरवलेला लाकडी क्रूस तिथे आणला होता. पोप बोलले, पण मला मोठी वाटली ती त्यांची नंतरची शांतता. म्हातारा माणूस त्या पवित्र भाकरीसमोर कितीतरी वेळ गप्प राहिला.

साथीने प्रार्थनेची जागा हलवायची ही काही पहिली वेळ नव्हे. १८९६ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा वांद्रे-गिरगावात रस्त्याच्या कडेला, वाडीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. लोक तिथेच मेणबत्ती लावून प्रार्थना करत. त्यातले काही आजही आहेत. येणारेजाणारे हार घालतात.

पण खरी जखम होती मरणाची. कोविडने गेलेल्या माणसाचं तोंडही पाहायला मिळालं नाही. ना शेजारणी आल्या, ना कुणी गळ्यात पडून रडलं. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखा. २०२०मध्ये तो आला तेव्हाही महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं बंदच होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी.

उघडली तीही कशी? दाराशी पवित्र पाण्याच्या जागी सॅनिटायझर. बाकांवर अंतराच्या खुणा. तोंडाला मास्क. गाणं नको, हात मिळवणं नको. अनेकांना ते भकास वाटलं. मला विचाराल तर ज्या बाईला आठ महिने रडायला जागा नव्हती, तिला असंच रिकामं चॅपल हवं होतं. तिथे कुणी ‘काय झालं’ विचारत नाही. ‘धीर धर’ म्हणून सांगत नाही. मास्कमुळे तर रडणंही झाकलं जातं. आणि पाच मिनिटं गॅसवर काही ठेवलेलं नसतं! दुःख यानं कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण ते उघडून ठेवायला जागा मिळते, आणि बायकांना अशी जागा फार कमी मिळते.

पुढे एप्रिल २०२१मध्ये ईस्टर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा निर्बंध आले. ती दुसरी लाट आपल्या भागाला किती जड गेली ते सांगायला नको. मग ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, देवळं, मशिदी, चर्च सगळी एकदम उघडली. आता मिस्सेला गर्दी होते, गाणी होतात, बाहेर गप्पाही रंगतात. तरी एखादी बाई मधल्या वारी, बाजारातून येताना आत वळते, भाजीची पिशवी बाकाशेजारी ठेवते आणि दिव्याकडे बघत बसते.