रिकामी बाटली: गैरसमज आणि भट्टीतला हिशेब

काच म्हणजे शेवटी वाळूच, फेकली तरी मातीत मिसळून जाते, असं मानणारे पुष्कळ आहेत. तेर, पैठण, नेवासे इथल्या उत्खननांत सातवाहन काळातले काचेचे मणी मिळाले आहेत. दोन हजार वर्षं मातीत राहून त्यांची माती झाली नाही. तेव्हा मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर आज फोडलेली बाटली आपल्या पणतवंडांच्याही पायाखाली येणार आहे.

या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. साधी काच पाण्यात विष सोडत नाही, जमीन नासवत नाही. पण गोंदिया जिल्हा धानाचा. पावसाळ्यात बायका पोटरीभर चिखलात अनवाणी उभ्या राहून रोवणी करतात. रस्त्याकडेच्या बांधीत पडलेलं बाटलीचं बूड गढूळ पाण्याखाली दिसत नाही, ते तळपायालाच समजतं. तलावात जाळं ओढणाऱ्या ढिवरांची तीच गत. काचेचा उपद्रव रासायनिक नाही, पण तो संपतही नाही.

दुसरा समज याच्या उलट टोकाचा: प्लास्टिक वाईट, म्हणून काच चांगली. एवढ्यावर थांबलं तर हे चूक आहे. काच वितळवायला भट्टी सुमारे 1500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. बाटली जड, त्यामुळे वाहतुकीलाही इंधन जास्त. एकदाच वापरून उकिरड्यावर गेलेल्या काचेच्या बाटलीचा कार्बनचा बोजा बऱ्याचदा तेवढंच पेय मावणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा जास्त भरतो. काचेची खरी कमाई ती परत येण्यात आहे.

परत येण्याचे रस्ते दोन, आणि लोक ते एकच समजतात. कबाड्याच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की फरक दिसतो. बिअरच्या बाटल्या तो वेगळ्या काढतो, तोंडावरून अंगठा फिरवतो. काठाचा कपचा उडालेला लागला की ती बाटली नगातून थेट किलोत जाते. नगावर विकलेली बाटली कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन पुन्हा भरली जाते, तिला भट्टी लागतच नाही. किलोवर विकलेली फुटून चुरा होते आणि भट्टीत जाते. पर्यावरणाच्या दृष्टीनं पहिला रस्ता केव्हाही वरचढ. म्हणून धड बाटली घरीच फोडून देणं हा शहाणपणा नव्हे.

पण चुराही कमी मोलाचा नाही. नवी काच करताना वाळूबरोबर सोडा अ‍ॅश आणि चुनखडी लागते. हे दोन्ही कार्बोनेट तापले की स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात. जळणाचा धूर वेगळा. एक टन नव्या काचेमागे हा वायू साधारण 170 ते 200 किलो भरतो. चुऱ्यातून तो एकदा निघून गेलेला असतो. शिवाय चुरा कमी उष्णतेत वितळतो: भट्टीत दर 10 टक्के चुरा वाढला की ऊर्जा सुमारे अडीच ते तीन टक्के वाचते. एक टन चुरा जवळपास 1.2 टन कच्च्या मालाची जागा घेतो, आणि कितीही वेळा वितळवला तरी काचेचा कस उतरत नाही.

इथे सुशिक्षित माणूस हटकून शंका काढतो: गोंदियाहून काच हजार किलोमीटर लांबच्या भट्टीत न्यायची, तर त्या ट्रकचं डिझेल सगळा फायदा खाऊन टाकणार नाही का? कागदावर मांडून बघू. वीस टन चुरा भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर धरला तर 250 लिटर डिझेल जाळेल. म्हणजे पाऊणेक टन कार्बन डायऑक्साइड. रिकामा परतला असं समजून दुप्पट धरा, दीड टन. त्या वीस टनांमुळे फक्त कार्बोनेटचा वाचलेला वायूच साडेतीन-चार टन आहे, वाचलेलं जळण अजून धरलेलंच नाही. फायदा घटतो तो ट्रकमध्ये अख्ख्या बाटल्या भरल्या तर. मग आपण हवाच वाहून नेतो.

आज काच इतक्या लांब न्यावी लागते, पण गोंदियाला भट्टी नवी नाही. इथे श्री ओनामा ग्लास वर्क्स नावाचा काचेचा कारखाना होता, आजच्या किती गोंदियाकरांना ते ठाऊक असेल कोण जाणे.

आपल्याकडे आणखी एक आशा ऐकू येते, की काच गोळा केली तर वैनगंगेची वाळू वाचेल. इतकं सरळ नाही. पांढऱ्या काचेला जवळजवळ शुद्ध, लोहाचा अंश अगदी कमी असलेली सिलिका वाळू लागते. महाराष्ट्रात ती सिंधुदुर्गातल्या फोंडा-कासार्डे पट्ट्यात खणतात. वैनगंगेच्या घाटावरची रेती जाते ती बांधकामाला. काचेच्या चुऱ्यानं वाचेल तर सिंधुदुर्गाची टेकडी.

जंगलातल्या बाटलीमुळे भिंगासारखे किरण एकवटून वणवा पेटतो, हेही नागझिरा अभयारण्याच्या आसपास बोललं जातं. फुटका तुकडा किरण नीट एका बिंदूवर आणत नाही, त्यामुळे ही शक्यता अगदी नगण्य. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात: मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळणं, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणं. बाटलीवर खापर फोडलं की हे बाजूला राहतं. बाटली तिथे नकोच, पण कारण वेगळं. हरणाचा पाय चिरतो.

बाटली साबणानं घासून द्यायची गरज नाही. विसळली तरी पुरे. कागदी लेबल भट्टीत जळून जातं, धातूचं झाकण मात्र काढा. घात करतो तो कपबशीचा तुकडा. चिनीमाती भट्टीच्या तापमानाला वितळत नाही आणि नव्या बाटलीत खड्यासारखी राहते. आरसे, ट्यूबलाइट, ओव्हनची भांडीही वेगळी ठेवावीत. दवाखान्यातल्या अँप्यूल घरच्या काचेत नकोत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत त्यांना निळा वर्ग दिलेला आहे. कीटकनाशकाची बाटली तर कबाड्याला देऊच नये, आणि धुऊन तिच्यात तेल भरण्याची सवय आधी सोडावी.

लोक बाटल्या परत करणारच नाहीत, हा शेवटचा समज. निलगिरीच्या जंगलात दारूच्या बाटल्यांनी हत्ती जखमी होऊ लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर तमिळनाडूच्या सरकारी दारू दुकानांनी 2022 मध्ये तिथे बाटलीमागे 10 रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली. रिकामी आणली की पैसे परत. बहुतेक बाटल्या परत आल्या. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर नवेगावबांध आणि नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या दुकानांपासून करावा.