किल्ली माजरीतच राहते

माजरीतल्या एखाद्या घरात बसून मुंबईतला लिनक्स सर्व्हर चालवणाऱ्याच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तो कीबोर्डवर एक अक्षर दाबतो आणि ते पडद्यावर दिसतं. पण ते त्याच्या लॅपटॉपने उमटवलेलं नसतं. ते सांकेतिक रूपात मुंबईला जातं, तिथला संगणक ते वाचून परत धाडतो, तेव्हा कुठे ते दिसतं. माजरी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ६५० किलोमीटर. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे १३०० किलोमीटरचा फेरा!

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्या हिशेबाने हा फेरा साडेसहा मिलिसेकंदांत व्हावा. तारा वळणं घेत जातात, वाटेत राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात काही पट वेळ लागतो. तरी पापणी लवायच्या आत अक्षर परत आलेलं असतं. 'सुडो' ही आज्ञा पासवर्ड मागते तेव्हा पडद्यावर सहसा काहीच दिसत नाही, कारण तेवढ्यापुरतं सर्व्हर अक्षरं परत पाठवत नाही. कीबोर्ड बिघडला, असं समजून नवखे उगाच घाबरतात.

त्याहून नवल म्हणजे, ज्याला आपण 'माझा सर्व्हर' म्हणतो तो मुंबईतही वेगळा दाखवता येत नाही. महिन्याला काहीशे रुपये भरून मिळणारा व्हीपीएस हा एका दणकट यंत्राचा सॉफ्टवेअरने आखून दिलेला वाटा असतो: एक प्रोसेसर, १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणून मेनफ्रेमवर ही किमया ग्राहकांच्या हाती दिली. २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या कर्नलमध्येच आली. आतल्या लिनक्सला सगळं यंत्र आपलंच वाटतं. ते खऱ्या हार्डवेअरला हात घालू लागलं, की प्रोसेसर त्याला जागच्या जागी थांबवून ताबा वाटे आखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे हायपरवायझरकडे देतो. हायपरवायझर काम उरकतो, ताबा परत करतो आणि आतल्याला काही कळतही नाही. असे वाटे भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. त्याआधी ॲमेझॉनच्या भारतीय ग्राहकाला जवळचं केंद्र म्हणजे सिंगापूर.

आता इतक्या दूरच्या यंत्रात शिरायचं कसं? १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरले गेले. तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून एसएसएच लिहिलं. त्याला दाराचा नंबर, म्हणजे पोर्ट, हवं होतं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं.

'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा दिली की लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. ती कुणी पाहिली तरी बिघडत नाही. नव्या आवृत्त्यांत खासगी किल्ली म्हणजे २५६ बिटांचा आकडा. अशा आकड्यांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. जोडणी होताना दोन्ही बाजू आधी उघड्या तारेवर बोलूनच, तिसऱ्याला कळणार नाही असं गुपित ठरवतात. ही वाट डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवली. मग लॅपटॉप त्या जोडणीच्या खुणेवर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळतो. किल्ली मुळी प्रवासच करत नाही. सही कुणी पळवली तरी फुकट, कारण पुढच्या जोडणीची खूण वेगळी असते.

हे सगळं कशासाठी, ते सर्व्हरचा लॉग उघडला की कळतं. नव्या सर्व्हरला कुणी ओळखत नसतं, तरी 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावं घेऊन जगभरातले बॉट पासवर्ड घोकत दारात उभे असतात. म्हणून आधी स्वतःचं वेगळं खातं काढा, किल्ली बसवा आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहा. ते जमल्यावरच पासवर्डने येणं आणि रूटचा प्रवेश बंद करा. फायरवॉल सुरू करण्याआधी २२ नंबरला परवानगी द्या, नाहीतर आपणच बाहेर राहू. लांबलचक काम सर्व्हरवरच्या टीमक्स या प्रोग्राममध्ये लावा. माजरीत वीज गेली, नेटवर्क तुटलं, तरी मुंबईत ते चालू राहतं.

खासगी किल्लीला पासफ्रेज लावा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवा. मदतीला आलेला माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याला ती पाठवू नका. त्याला आत घ्यायचंच असेल, तर त्याची सार्वजनिक किल्ली मागून घ्या.