घडीच्या होडीला ठिगळ : पाण्यात कस लागणारे कसब

रेक्झिन शिवणारे, ताडपत्री जोडणारे, तंबू-कनाती करणारे आणि पंक्चर काढणारे कारागीर आपल्या समाजात पुष्कळ आहेत. कापड, रबर, सुई आणि सोल्युशन या चार गोष्टींवर त्यांची रोजी चालते. याच चार गोष्टींवर उभे असलेले, परंतु आपल्या बाजारात फारसे परिचित नसलेले एक काम म्हणजे कापडी होडीची दुरुस्ती. आज या सदरात आम्ही त्याची माहिती देत आहोत.

कापडाची होडी म्हटले की कोणालाही नवल वाटेल. आपल्या कोकणात होडी म्हणजे लाकडी फळ्यांची किंवा अलीकडे फायबरची. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला महापूर आला, तेव्हा लोकांना बाहेर काढण्यासाठी हवा भरून फुगवायच्या होड्या आल्या होत्या, हे अनेकांनी पाहिले आहे. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर हौशी लोकांना घेऊन जाणारे तराफेही त्याच जातीचे. या साऱ्यांचे अंग रबर किंवा प्लास्टिक चढवलेल्या कापडाचे असते. अशा कापडाची दुरुस्ती कशी करावी, हे ज्या वस्तूच्या निमित्ताने सर्वांत नीट शिकता येते ती म्हणजे घडीची कयाक.

शिंप्याने उभारलेला कारखाना

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची अरुंद होडी. वाहत आलेले लाकूड आणि हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलच्या कातड्याचे आवरण ताणून शिवायचे, अशी तिची रीत. हे शिवणकाम स्त्रिया करीत. पाणी अडवायच्या शिवणीत त्या सुई कातड्याच्या आरपार जाऊ देत नसत, अर्ध्या जाडीतूनच फिरवीत. भोक आरपार नाही म्हणजे पाण्याला वाट नाही, हे त्या शिवणीचे मर्म.

जर्मनीत म्युनिक येथे वास्तुशास्त्र शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये अशीच, परंतु सुटी करून पिशवीत भरता येईल अशी कयाक तयार केली. १९०७ मध्ये रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर यांनी तिचे हक्क घेऊन उत्पादन सुरू केले. हे क्लेपर पेशाने शिंपी होते, ही गोष्ट आमच्या कारागीर बांधवांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. रेल्वेने नदीपर्यंत जायचे, पिशवीतून होडी काढून जोडायची आणि पाण्यात उतरायचे, अशी सोय झाल्याने ती लोकप्रिय झाली.

ही होडी नाजूक दिसली तरी लेचीपेची नाही. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म येथून डॅन्यूब नदीत निघाला. अरबी समुद्रातून आपल्या पश्चिम किनाऱ्याने तो श्रीलंकेकडे गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत त्याला होड्या बदलाव्या लागल्या, पण होडी घडीचीच राहिली. १९५६ मध्ये डॉ. हान्नेस लिंडेमान यांनी क्लेपरच्या घडीच्या होडीतून ७२ दिवसांत एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. माणूस आणि समुद्र यांच्या मध्ये होते ते फक्त रबर चढवलेले कापड.

रचना समजून घ्या

या होडीचे तीन भाग असतात. पहिला सांगाडा. क्लेपरच्या होडीत तो अ‍ॅश आणि बर्च या लाकडांचा असतो, इतर काही कंपन्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वापरतात. दुसरा भाग वरचे कापड. हे जुन्या धर्तीच्या होड्यांत जाड सुती असते. ओले झाले की सूत फुगते आणि विणीची छिद्रे मिटतात. तिसरा भाग म्हणजे पाण्यात राहणारा तळ. तो मजबूत कापडावर रबराचा थर देऊन केलेला असतो. या थरासाठी हायपॅलॉन नावाचे कृत्रिम रबर फार नावाजलेले होते. ड्यूपाँट कंपनीने त्याचे उत्पादन २०१० मध्ये बंद केले, परंतु त्याच जातीचे रबर इतर कंपन्या करतात. अनेक होड्यांचे तळ पीव्हीसीचे किंवा पॉलियुरेथेनचे असतात. शिवाय कित्येक होड्यांत दोन्ही बाजूंना हवेच्या लांब नळ्या असतात. त्या फुगवल्या की कापड सांगाड्यावर ताणून बसते.

आधी गळती शोधा

होडीत पाणी आले म्हणजे तळाला भोक पडले, असे धरून चालू नये. वल्ह्यावरून ठिबकलेले आणि बसण्याच्या जागेतून उडालेले पाणीही आत साचते. म्हणून प्रथम होडी आतून कोरडी पुसून, थोडे वजन ठेवून, संथ पाण्यात तासभर नुसती सोडावी. आत ओल आली नाही तर तळ शाबूत आहे आणि पाणी वरून येते आहे, असे समजावे. ज्या गिऱ्हाइकाच्या होडीला भोकच नाही, त्याच्याकडून ठिगळाचे पैसे घेणे बरे नव्हे.

ओल आली तर तळ बाहेरून कोरडा करून होडी मऊ आधारावर ठेवावी आणि आत एक-दोन बादल्या पाणी ओतावे. जिथे भोक आहे तिथे बाहेरून थेंब धरेल. त्या जागेभोवती खडूने किंवा पेनाने खूण करावी. होडी भरून पाणी ओतू नये. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, एवढा भार कोरड्या जमिनीवर सांगाड्याला पेलत नाही. दुसरी रीत अंधाऱ्या खोलीची. सांगाडा काढून आत दिवा फिरवला की आरपार छिद्र चांदणीसारखे दिसते. हवेच्या नळीची गळती मात्र साबणाच्या फेसानेच सापडते, पंक्चरवाल्यांना ते सांगायला नको.

झीज बहुधा ठरावीक जागी होते: पुढचे व मागचे टोक, मधला कणा, आणि सांगाड्याच्या कडा जिथे कापडाला आतून घासतात त्या रेषा. आत राहिलेली वाळू सहाणेसारखे काम करते. म्हणून एक भोक सापडले की तिथेच न थांबता त्या सबंध रेषेवर हात फिरवून पाहावा.

कापड ओळखा, मग सोल्युशन घ्या

बहुतेक ठिगळे सुटतात ती चुकीच्या सोल्युशनमुळे. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन ट्यूबसाठीच असते. होडीच्या तळावर ते घटकाभर धरते आणि पाण्यात सोडून देते. हायपॅलॉनला निओप्रीन जातीचे, हार्डनर मिसळून वापरायचे सोल्युशन लागते. पीव्हीसी आणि पॉलियुरेथेनला पॉलियुरेथेन जातीचे. रेक्झिन-चपलांचे नेहमीचे पिवळे सोल्युशन पीव्हीसीवर पहिल्या दिवशी घट्ट वाटते, परंतु पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि सोल्युशन चिकट-पातळ करून टाकते.

कापड कोणते हे कंपनीच्या चिठ्ठीवर असेल तर उत्तम. नसेल तर आतल्या बाजूच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी घासावी. पीव्हीसी चिकट होते, हायपॅलॉन सहसा होत नाही. तरीही शंका उरली तर थेट होडीवर प्रयोग करू नये. त्याच जातीच्या तुकड्यावर पट्टी चिकटवून दुसऱ्या दिवशी ओढून पाहावी. सोल्युशन सालीसारखे निघाले तर जोड कच्चा. कापडावरचा थरच फाटून आला तर जोड पक्का.

ठिगळाची रीत

ठिगळ त्याच जातीच्या कापडाचे, भोकाच्या चारही बाजूंनी निदान दोन इंच बाहेर जाईल असे कापावे. कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपरा दगडाला अडकतो आणि तिथूनच उकलू लागतो. ठिगळ जागेवर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारावी. मग रेघेच्या आतली जागा आणि ठिगळाची पाठ पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावी. खालचे सूत उघडे पडेल इतके मात्र घासू नये. धूळ झटकून सोल्युशनच्या कंपनीने सांगितलेल्या थिनरने पुसावे आणि पूर्ण सुकू द्यावे. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नये. हाताचे तेलही जोड बिघडवते.

सोल्युशनचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्यावा, सुकू द्यावा, मग दुसरा पातळ हात. दुसरा हात बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकला की ठिगळ एका कडेपासून हळूहळू बसवावे आणि मधून कडेकडे रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने जोर देऊन हवा काढावी. एक जाड हात म्हणजे दोन पातळ हात नव्हेत. जाड थर वरून सुकतो आणि आत कच्चा राहतो. चोवीस तास होडी हलवू नये. दोन भागांच्या सोल्युशनला पुरते पक्के होण्यास कित्येकदा आठवडाही लागतो.

हवेतील दमटपणा या कामाचा मोठा शत्रू आहे. थिनर उडताना जागा थंड पडते आणि हवेतली ओल सोल्युशनवर बसते. म्हणून पावसाळी दिवसांत हे काम टाळावे किंवा कोरड्या खोलीत करावे. खोलीला वारा हवा. थिनरची वाफ भडका घेते आणि डोक्यातही जाते. जवळ स्टोव्ह, बिडी किंवा वेल्डिंग असू नये.

सुईचे काम

बारीक भोकाला ठिगळ पुरते. लांब चीर असेल तर आधी तिच्या कडा एकमेकींना भिडतील अशा शिवून घ्याव्यात, एकीवर एक चढवू नयेत. टाका इकडून-तिकडून तिरपा, क्रिकेटच्या नव्हे तर बेसबॉलच्या चेंडूवर असतो तसा घ्यावा. दोरा न कुजणारा, पॉलिएस्टरचा. मग आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन ठिगळे लावावीत. वरचे सुती कापड फाटले तर ते सुती ठिगळानेच शिवावे, त्यावर रबराचा लेप देऊ नये. सुताला श्वास घेऊ दिला तरच ते टिकते. ओली होडी घडी करून ठेवली की बुरशी धरते आणि सूत कुजते. गिऱ्हाइकाला होडी परत देताना एवढे जरूर सांगावे: गोड्या पाण्याने धुवा, वाळू झटका, सावलीत पूर्ण वाळवा, मगच घडी घाला.

नदीकाठी भोक पडलेच तर जागा कोरडी करून रुंद कापडी चिकटपट्टी बाहेरून लावता येते. ती किनारा गाठण्यापुरती. पक्की दुरुस्ती करताना पट्टीचा चिकटा समूळ काढला पाहिजे, नाहीतर त्यावर लावलेले ठिगळ चिकट्याला धरते, होडीला नव्हे.

नाही म्हणण्याची वेळ

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पिशवीचे ठिगळ सुटले तर कांदे रस्त्यावर सांडतील. होडीचे ठिगळ सुटले तर माणूस पाण्यात जाईल. आणि ठिगळाखाली काय आहे, हे गिऱ्हाइकाला कधीही दिसत नाही. घासले होते की नाही, सोल्युशन योग्य होते की दुकानात होते ते लावले, हे कारागीर जाणतो आणि अल्लाह जाणतो.

हदीसमधील धान्याच्या राशीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, अशी सक्त ताकीद दिली. होडीची ओलही अशीच आत असते. ती वर आणून दाखवणे हे कारागिराचे कर्तव्य आहे.

म्हणून तळाचे रबर जागोजागी तडकले असेल, हाताला भुकटी लागत असेल, चिमटीत धरून ओढल्यावर सूत तुटत असेल, तर पाच ठिगळांचे पैसे सोडावेत आणि तळच बदलावा लागेल, असे स्पष्ट सांगावे. "आजच हवी आहे" म्हणणाऱ्यालाही, सोल्युशन पक्के होईपर्यंत होडी मिळणार नाही, असे बजावावे. पुराच्या कामाच्या होडीला हात लावण्यापूर्वी ती ज्यांच्या ताब्यात आहे त्या जबाबदार अधिकाऱ्याची लेखी संमती आणि कंपनीच्या सूचना घ्याव्यात.

व्यवहाराच्या बाजूने आमची सूचना अशी की, तपासणीची मजुरी वेगळी आणि दुरुस्तीची वेगळी ठेवावी. म्हणजे "दुरुस्त होणार नाही" असे खरे सांगूनही कारागिराचा दिवस फुकट जात नाही. बिलावर किती भोके सापडली, कुठे ठिगळ लावले, कोणते सोल्युशन वापरले आणि कोणत्या तारखेपासून होडी पाण्यात न्यावी, हे लिहावे. त्याच दिवशी चिकटवलेली नमुना पट्टी दुकानात जपून ठेवावी. तक्रार आली तर ती पट्टीच साक्ष देईल.

या कामाला यंत्र लागत नाही, मोठे भांडवलही नाही. हात तयारच आहेत. शिकायचे आहे ते कापड ओळखणे आणि सोल्युशन सुकेपर्यंत सब्र करणे. रोझेनहाइमचा शिंपी सुई-दोऱ्यावरून होडीपर्यंत पोहोचला. आमचे रेक्झिनवाले आणि पंक्चरवाले बांधव ताडपत्री आणि ट्यूबवरून त्याच पाण्यापर्यंत पोहोचू शकतात. मात्र ज्या ठिगळावर आपल्या मुलाला बसवून पाण्यात सोडण्याची आपली तयारी नाही, ते ठिगळ दुसऱ्याच्या हाती देऊ नये.