रंग ओळीचा नव्हे, मालाचा

लेखमाला : खिडकीतले प्रोग्राम – लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण यादी पडद्यावर आणली. आज तिच्यातल्या निवडक ओळींना वेगळं रूप देऊ.

समजा, बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या गांधी बाजारात एक किराणा दुकान आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी जवळच्या बुल टेंपल रोडवर शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. त्या गर्दीआधी दुकानदाराची मागणी साधी असते : २००० जिनसांच्या यादीत साठा संपत आलेल्या ओळी लाल दिसाव्यात.

जावाएफएक्समध्ये ओळ रंगवण्याचं काम 'लिस्टसेल'कडे असतं. नवशिका त्याच्या 'अपडेटआयटम' मेथडमध्ये लिहितो : साठा ५ किलोच्या खाली असेल तर 'सेटस्टाइल' वापरून पार्श्वभूमी लाल कर. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. यादी सरकवली, की पोतंभर शिल्लक असलेला गूळही लाल!

होतं काय, की २००० जिनसांसाठी २००० सेल बनतच नाहीत. खिडकीत २० ओळी मावत असतील, तर साधारण तेवढेच सेल बनतात. वर सरकून दिसेनासा झालेला सेल खालून येणाऱ्या जिनसेला दिला जातो. हॉटेलातलं ताट न विसळता पुढच्या गिऱ्हाइकाला वाढावं, तसा जुना रंग नव्या मालाला चिकटतो. म्हणून 'साठा पुरेसा असेल तर रंग काढ' हेही लिहावंच लागतं. सेल रिकामा असेल तर मजकूर आणि रंग दोन्ही पुसायचे.

'सेटस्टाइल'ची आणखी एक खोड आहे. तिथे दिलेला रंग स्टाइलशीटवर मात करतो. लाल ओळीवर क्लिक केलं तरी ती निवडल्याचं दिसत नाही. त्यापेक्षा 'कमी साठा' नावाचा स्यूडोक्लास, म्हणजे सेलची अवस्था स्टाइलशीटला कळवणारी खूण, करा. प्रत्येक 'अपडेटआयटम'मध्ये त्याला फक्त खरं किंवा खोटं सांगा, म्हणजे जुना रंग आपोआप उतरतो. रंग स्टाइलशीटमध्ये ठेवा आणि 'कमी साठा, शिवाय निवडलेली' अशा ओळीसाठी तिथेच वेगळा नियम लिहा.

बेंगळुरूत जिनसांची नावं कन्नडमध्येही असणार. कन्नड जोडाक्षरातलं दुसरं अक्षर ओळीखाली उतरतं, मराठीत वेलांट्या आणि मात्रा वर चढतात. 'सेटफिक्स्डसेलसाइज'ने उंची बांधून टाकल्यास यादी झपाट्याने सरकते, पण उंची कमी पडली तर अक्षरं कापली जातात. दोन्ही लिप्या मावतील इतकी उंची द्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारेही असतात, म्हणून रंगाच्या जोडीला 'संपत आलं' हे शब्दही ओळीत लिहा.

ओळ डोळ्यांसमोर असतानाच विक्री होऊन साठा बदलला तर काय, ते पुढच्या लेखांकात. तोवर आपली यादी झरझर खाली-वर करून पाहा. लाल ओळी आपापल्या जिनसांवर टिकल्या नाहीत, तर तो प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका.