मळ्यांतील भाजीपाला व प्रॉस्टेटचा कर्करोग

भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धे, मोरवे, डोंगरी या बाजूस ज्यांची अजून थोडीबहुत वाडी राहिली आहे, त्या शेतकरी बंधूंस एक गोष्ट सांगण्याचें योजिलें आहे. साठी उलटलेले आमचे एक शेजारी रात्रीं चार-चार वेळां लघवीस उठत. कोणीसें सांगितल्यावरून त्यांनीं टोमाटोच्या सत्त्वाच्या गोळ्या वर्षभर घेतल्या. डॉक्टरांकडे जाण्याची मात्र लाज धरिली. पुढें कंबर दुखूं लागली तेव्हां तपासणी झाली, तों रोग हाडांत उतरला होता. गेलेलें वर्ष परत मिळालें नाहीं. म्हणून भाजीपाल्याचा गुण किती व त्याची मर्यादा कोठें, हें आपणांस ठाऊक असावें.

प्रॉस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथि पुरुषाच्या मूत्राशयाखालीं असते. उतारवयांत ती बहुतेकांची वाढते. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग आरंभीं बहुधा कांहींच लक्षण दाखवीत नाहीं, हीच त्याची खोड. मुंबईंत १९६३ सालीं सुरू झालेल्या कर्करोग-नोंदणींत अलीकडे हा रोग पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांत गणला जातो.

आतां आहाराकडे वळूं. टोमाटोस लाल रंग देणारें द्रव्य लायकोपीन होय. कलिंगडांत व गुलाबी गराच्या पेरूंतही तें असतें. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९५ सालीं सुमारें ४७,००० पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्यांतून दहा किंवा अधिक वेळां टोमाटोचे पदार्थ खाणाऱ्यांत, दीड वेळेहून कमी खाणाऱ्यांच्या मानानें, हा रोग सुमारें ३५ टक्के कमी आढळला. पुढील पाहण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहींत. महसुली दप्तरांत पीकपाहणीस ज्याचें नांव लागलें तो तेवढ्यानें जमिनीचा मालक ठरत नाहीं. तसेंच दोन गोष्टी जोडीनें दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. टोमाटो खाणारा मनुष्य इतर बाबतींतही पथ्यानें राहणारा असूं शकेल.

लायकोपीन तेलांत विरघळतें व शिजविल्यानें मोकळें होतें. म्हणून कच्च्या फोडीपेक्षां तेलाच्या फोडणींतील टोमाटो अंगीं अधिक लागतो. कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी यांतील तिखट द्रव्यें चिरल्यावर तयार होतात. फार वेळ उकळल्यास तीं घडविणारा पाचक रस नष्ट होतो. त्यासाठीं कोबी हलकाच शिजवावा. लसूणही ठेचून थोडा वेळ ठेवावा व मग फोडणीस टाकावा.

मग हीच द्रव्यें गोळींत भरून घेतलीं तर? उत्तर अमेरिकेंत २००१ सालीं ३५,००० हून अधिक पुरुषांस सेलेनियम व ई जीवनसत्त्व देऊन पाहण्यास आरंभ झाला. लाभ दिसेना म्हणून २००८ सालीं गोळ्या थांबविल्या. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत तर नुसतें ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्के अधिक निघाला! जमिनीस नुसता युरिया घालून जशी ती सुधारत नाहीं, तसाच हा प्रकार. भाजींत अनेक द्रव्यें एकत्र असतात; त्यांतील एक वेचून काढल्यानें भाजीचा गुण हातीं येतोच असें नाहीं.

सारांश, घरच्या मळ्यांतील भाजी रोज पोटभर खावी. हृदयास व मधुमेहासही तें हितकर आहे. परंतु भाजी म्हणजे औषध नव्हे. वयाची पन्नाशी आली, किंवा बापास वा भावास हा रोग झालेला असून पंचेचाळीशी गांठली, कीं पी.एस.ए. नामक रक्ततपासणी आपणांस करावी कीं न करावी, हें डॉक्टरांस विचारावें. लघवीस अडथळा होत असेल किंवा तींत रक्त दिसेल, तर वयाची वाट न पाहतां जावें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून याच कार्यास वाहिलेलें आहे व तें आपणांस दूर नाहीं. पिकावर कीड दिसतांच आपण धांवतों; स्वतःच्या देहाविषयीं तेवढी तरी तत्परता दाखवावी, इतकीच विनंती.