मोंढ्यातील अडत

‘जालना, सोने का पालना’ अशी ज्या गावाची म्हण मराठवाड्यात रूढ आहे, त्याचे वैभव आज पोलादाच्या भट्ट्यांत आणि 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ स्थापन केल्यापासून फोफावलेल्या बियाण्यांच्या धंद्यात शोधण्याची रीत असली, तरी स्वतः काहीही न पिकवता आणि काहीही न घडवता या मुलखाचा व्यवहार चालता ठेवणारा एक जुना व्यवसाय तेथे आहे, आणि तो म्हणजे मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, अडत: शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने दलालीवर विकून देणे.

भोकरदनचा किंवा मंठ्याचा शेतकरी सोयाबीनची वा तुरीची पोती घेऊन मोंढ्यात उतरतो तेव्हा त्याच्यापाशी ना काटा असतो, ना कोठार, ना कारकून. गिऱ्हाइकाची पत पारखण्याचे साधन तर नसतेच. मोठ्या कंपन्या आपले हिशेब, पगारपत्रके आणि ग्राहकांच्या तक्रारी परक्या संस्थांकडे सोपवू लागल्या त्याच्या कितीतरी आधीपासून हा शेतकरी आपले सारे दफ्तर अडत्याच्या पेढीवर सोपवीत आला आहे.

हमाल पोत्याची शिवण उसवून माल फरशीवर ओततो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो, आणि मग बोली सुरू होते. सरकारी खरेदीत सोयाबीनचा ओलावा सामान्यतः 12 टक्क्यांच्या आत असावा लागतो; मोंढ्यात मात्र ओला मालही खपतो, भाव तेवढा उतरतो. पूर्वी अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवीत, आणि ज्याचा माल त्यालाच भाव शेवटी कळे! नियंत्रित बाजाराने हा प्रकार मोडला आणि उघड लिलाव आणला, ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी होय, असे मला वाटते.

सौदा मिटल्यावर मुनीम जी हिशेबपट्टी हाती ठेवतो, ती वाचण्यासारखी असते. वर धन्याचे नाव व गाव. खाली पोती, वजन, भाव, एकूण रक्कम. आणि मग हमाली, तोलाई अशी वजावट. एकेका सेवेची एकेक ओळ. या ओळींवर कायद्याने बरीच नजर ठेवली आहे: 1963 च्या कृषी पणन अधिनियमाने बाजार समितीला अधिकार दिले, 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला संरक्षण दिले, आणि 2016 साली अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे सरकारने ठरविले. रोजकीर्द आणि खतावणी आता संगणकात गेली असून मुनिमाची बैठक गादीवरून खुर्चीवर आली आहे.

परंतु पट्टीतील खरी वजनदार ओळ निराळीच: उचल. मृगाच्या तोंडावर बियाणे-खतासाठी, मध्येच आजारपणासाठी वा लग्नासाठी पेढीवरून घेतलेली रक्कम माल विकला की वळती होते. एरवी हा व्यवहार सोयीचा, कारण त्याला ना सातबारा लागतो ना जामीन. पण ज्याने उचल दिली त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो आणि भाव न पटल्यास पोती परत गाडीत भरण्याचे बळ उरत नाही. अडत्याला खलपुरुष ठरविणे सोपे आहे. तथापि विकणारा मुखत्यार आणि सावकार एकाच गादीवर बसले, की पहिल्याची निष्ठा दुसऱ्याकडे झुकणारच.

यावर उपाय म्हणून राज्य कृषी पणन मंडळाने 1990-91 पासून शेतमाल तारण योजना चालविली. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांकरिता घ्यावी, आणि भाव चढल्यावर विकावे, अशी ही योजना आहे. योजना उत्तम खरीच. पण तिच्यात तारण म्हणून पिकून आलेले धान्य लागते. पेरणीचा पैसा जूनमध्ये हवा असतो, सोयाबीन हाती येते दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि मधल्या त्या चार-पाच महिन्यांसाठी, बँकेचे पीककर्ज वेळेवर मंजूर न झाल्यास, शेतकरी अजूनही पेढीचीच पायरी चढतो.